नवी बॅटरी, दुरुस्त सेल्फ, तरीही ‘टक्’: एका गाडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातली ही गाडी. १.२ लिटर पेट्रोल इंजिनची साधी हॅचबॅक, वय ९ वर्षं, धावलेली ८२,००० किलोमीटर. मालकीण शाळेत शिक्षिका आहेत. रोज सकाळी १४ किलोमीटरवरच्या शाळेत जायचं आणि दुपारी परत यायचं, एवढाच गाडीचा वापर. घरापासून समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, आणि गाडी उभी राहते ती पत्र्याच्या उघड्या पडवीत. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, चार वर्षं जुनी. क्लच हायड्रॉलिक नव्हे, केबलचा. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा तीच होती.

आधीच्या ऑक्टोबरात गाडीची क्लच प्लेट बदलली होती. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला होता. जूनमध्ये तक्रार सुरू झाली तेव्हा हे कोणी विचारलं नाही, आणि आठ महिन्यांपूर्वीच्या क्लचचा सेल्फशी, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरशी, काही संबंध असेल असं बाईंना वाटायचं कारण नव्हतं.

तक्रार कशी वाढत गेली

पाऊस सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका सकाळी चावी फिरवल्यावर इंजिन फिरलं नाही. नुसतं टकटकटक वाजत राहिलं. शेजाऱ्यांनी दुसऱ्या गाडीवरून जंप केबल लावली, तीन-चार प्रयत्नांत गाडी सुरू झाली. दुकानात बॅटरीचं व्होल्टेज ११.९ भरलं. चार वर्षांची बॅटरी आणि ११.९ व्होल्ट, म्हणजे बॅटरी संपली असा निकाल लागला. जुनी देऊन ६०० रुपये सूट मिळाली, नवी ४,००० ला पडली. गाडी एका चावीत सुरू होऊ लागली.

पाच आठवडे सगळं ठीक. मग पुन्हा तेच, पण या वेळी आवाज वेगळा: टकटक नाही, एकच जड ‘टक्’ आणि पुढे शांतता. जंप केबल लावूनही तेच. सेल्फवर पान्याच्या दांड्याने दोन-तीनदा ठोकून पाहिलं, काही फरक नाही. शेवटी घराजवळच्या घाटीवरून दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून गाडी सुरू केली. तिथून आठवडाभर बाई गाडी घाटीच्या डोक्यावर, उताराकडे तोंड करून लावून ठेवत होत्या.

गॅरेजमध्ये तर्क सरळ होता. बॅटरी नवी आहे, जंपनेही सुरू होत नाही, म्हणजे सेल्फ गेला. सेल्फ उतरवला, कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे, झिजणारे तुकडे) आणि बेंडिक्स (इंजिनला फिरवणारं दातेरी चाक) बदललं, टेबलावर बॅटरी लावून फिरवून पाहिला, झकास फिरला. खर्च २,४०० रुपये. त्याच भेटीत बाईंनी आणखी एक तक्रार सांगितली होती: क्लच जड झालाय आणि सेल्फ मारताना एकदा प्लास्टिक जळाल्यासारखा वास आला. ती कागदावर वेगळ्या ओळीत लिहिली गेली आणि क्लच केबल बदलून ८५० रुपये लागले. दोन तक्रारी, दोन दुरुस्त्या. त्यांचा एकमेकींशी संबंध असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आठ दिवस गाडी चालली. नवव्या दिवशी पुन्हा ‘टक्’. तोवर ७,२५० रुपये गेले होते.

आवाज काय सांगतो

सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतं. चावी फिरवली की बारीक तारेतून त्याला वीज मिळते, आतला दांडा ओढला जातो, बेंडिक्सचं दातेरी चाक इंजिनच्या रिंगमध्ये अडकतं आणि त्याच हालचालीच्या शेवटी तांब्याचा जाड संपर्क जोडला जाऊन सेल्फच्या मोटरला मोठा करंट मिळतो. जड ‘टक्’ हा त्या दांड्याचा आवाज.

टकटकटक वाजतं तेव्हा दांडा ओढला जातो, जाड संपर्क जुळतो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, दांडा सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा ओढला जातो. बहुतेक वेळा हे उतरलेल्या बॅटरीचं किंवा बॅटरीवरच्या सैल टर्मिनलचं लक्षण असतं. एकच जड ‘टक्’ असेल तर दांडा ओढलेल्याच जागी राहतोय, पण मोटर फिरत नाही. मग संशयित वेगळे: सोलेनॉइडचा जळका संपर्क, झिजलेले कार्बन, जाड तारेतला किंवा अर्थिंगमधला, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या वाटेतला, अडथळा, क्वचित अडकलेलं इंजिन. आणि आवाज बोनेटखालून न येता डॅशबोर्डमागून किंवा फ्यूज बॉक्समधून बारीक ‘टिक्’ असा येत असेल तर तो रिलेचा, म्हणजे सोलेनॉइडला वीज सोडणाऱ्या छोट्या स्विचचा. तिथे आधी सोलेनॉइडच्या बारीक पिनेवर १० व्होल्टच्या वर वीज पोहोचते का, हे बघायचं.

या गाडीत आवाज टकटकवरून ‘टक्’वर आला, कारण बॅटरी बदलली. मूळ दोष तसाच होता. नव्या बॅटरीत सोलेनॉइडचा दांडा धरून ठेवण्याइतका दम होता, मोटर फिरवण्याइतकी वीज मात्र पलीकडे पोहोचत नव्हती.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेली. त्याच्यापुढे चार वाटा होत्या. वॉरंटीत बॅटरी बदलून मागायची. दुरुस्त केलेला सेल्फ बाजूला ठेवून नवा पूर्ण सेल्फ बसवायचा, म्हणजे आणखी काही हजार. न मोजताच एक जादा अर्थिंग वायर टाकून बघायची. अनेकजण हेच करतात आणि पुष्कळदा गाडी सुरूही होते. किंवा अर्धा तास मीटर लावून बसायचं.

जादा वायरचा मोह मोठा असतो. काम दहा मिनिटांचं आणि खर्च थोडका. पण मूळ जोड तसाच कुजत राहतो आणि नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही. या गाडीत दोनदा ‘दुरुस्ती’ होऊन दोनदा दोष परत आला होता. गाडी सुरू झाली हा पुरावा इथे निकामी ठरला होता. म्हणून मोजायचंच असं ठरलं.

त्याआधी एक पूर्वतयारी. बॅटरी १२.२ व्होल्टवर होती, म्हणजे साधारण निम्मी. अर्ध्या बॅटरीवर घेतलेल्या मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ती रात्रभर चार्जरवर लावली. सकाळी चार्जर काढून दोन तास थांबल्यावर १२.५ भरली. चावी फिरवली: ‘टक्’.

मोजणी

हॅन्डब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, मीटरच्या तारा फॅनबेल्टपासून लांब. चावी फिरवायला दुसरा माणूस, एका वेळी तीन-चार सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती. मीटर डीसी २० व्होल्टवर.

पहिलं माप बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर. टर्मिनलच्या पकडीवर नव्हे, थेट खुंट्यांवर. चावी फिरवलेल्या स्थितीत ११.४ व्होल्ट. अर्धा निकाल इथेच लागला. सेल्फ खरोखर जाम असता किंवा बॅटरी गेली असती, तर हा आकडा ९ च्या आसपास किंवा खाली कोसळला असता. ११.४ म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, वाटेत कोणीतरी अडवतंय. मीटर नसेल तर हेडलाइट लावून हेच ढोबळमानाने दिसतं: ‘टक्’ होताना दिवे विझायला आले तर बॅटरीकडे किंवा तिच्या टर्मिनलांकडे बघा, जेमतेम मंदावले तर पुढच्या वाटेकडे.

दुसरं माप धन बाजूचं. लाल पिन बॅटरीच्या धन खुंटीवर, काळी पिन सेल्फवरच्या जाड तारेच्या बोल्टवर, आणि चावी. ०.४ व्होल्ट. या वाटेवर अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. ही बाजू निर्दोष.

तिसरं माप ऋण बाजूचं. काळी पिन बॅटरीच्या ऋण खुंटीवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी. चावी. मीटरवर ६.९ आलं. इथे ०.२ च्या वर काहीही दिसलं तरी शोध घ्यायचा असतो.

हिशेब लावून बघा: ११.४ मधून अर्थिंगने ६.९ खाल्ले, धन तारेने ०.४, सेल्फच्या वाट्याला उरले ४.१ व्होल्ट. एवढ्यावर इंजिन फिरत नाही. टेबलावर मात्र तोच सेल्फ झकास फिरला होता, कारण तिथे गाडीची अर्थिंग मध्ये नव्हतीच, आणि इंजिनचा भारही नव्हता.

मग ६.९ नेमके कुठे जातात ते शोधण्यासाठी पिन एक एक टप्पा पुढे सरकवली. या गाडीत ऋण टर्मिनलवरून दोन तारा निघतात: बारीक तार बॉडीला, जाड तार गिअरबॉक्सला. खुंटीपासून जाड तारेच्या टोकावरच्या थिंबलपर्यंत, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कडीपर्यंत, ०.२. थिंबलपासून गिअरबॉक्सच्या धातूपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरच्या अंतरात, ६.७.

बॉडीची बारीक तार ठीक होती, म्हणून दिवे, हॉर्न, वायपर सगळं व्यवस्थित चालत होतं. ‘लाइट तर लख्ख लागतात’ हे वाक्य या प्रकरणात प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं होतं.

इलेक्ट्रिशियनने चार-पाच प्रयत्नांनंतर क्लच केबलवर हात ठेवला. नवी केबल, गाडी जागेवरून हललेली नाही, क्लच दाबलेला नाही, आणि केबल गरम. गिअरबॉक्समधून परतणाऱ्या करंटला सरळ वाट मिळत नव्हती. तो क्लच केबलच्या पोलादी तारेतून बॉडीत आणि तिथून बॅटरीकडे जात होता. जुन्या केबलचं आतलं प्लास्टिक याच उष्णतेने वितळून क्लच जड झाला होता. जळका वासही तोच.

काही उघडण्याआधी एक खात्री. जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरं इंजिन उचलण्याच्या हुकावर. चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

साध्या मीटरच्या बझरने, म्हणजे तार जोडलेली असली की वाजणाऱ्या आवाजाने, हा दोष सापडला नसता. हिशेबाने तो अडथळा निघतो ०.०५ ओहमच्या आसपास. बहुतेक मीटरचा बझर काही दहा ओहमपर्यंत वाजतच राहतो, आणि मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध याच्या कितीतरी पट असतो. ०.०५ ओहममधून दिव्यांचे १० अँपिअर गेले तर अर्धा व्होल्ट पडतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. सेल्फचे १४० अँपिअर जाऊ लागले की सात व्होल्ट. बारीक धार सोडली की गाळणी चालते, हंडा ओतला की तुंबते. म्हणून अर्थिंग नेहमी चावी फिरवून, भार घालूनच मोजायची.

दोष

ऋण टर्मिनल आधी सोडवलं. मग १२ नंबरच्या पान्याने गिअरबॉक्सवरचा बोल्ट उघडला. तो फार जोर न लावता सुटला, म्हणजे पुरता आवळलेलाच नव्हता. थिंबलखाली पांढरी, मिठासारखी पूड. गिअरबॉक्सचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं, थिंबल तांब्याचं, बोल्ट लोखंडी. वेगवेगळ्या धातूंच्या जोडात खारं पाणी शिरलं की आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि त्याची ती पांढरी पूड वीज वाहू देत नाही. खालच्या पृष्ठभागावर चकाकणारा धातू दिसत होता तो एका कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा. सेल्फची सगळी वीज त्या दाण्यातून परतायची होती.

क्लचच्या कामानंतर हा बोल्ट मळकट जागेवर, स्टार वॉशरशिवाय (दातेरी चकतीशिवाय) आणि सैल बसवला गेला असावा. बाकीचं काम खाऱ्या हवेने आणि पावसाने केलं.

दोन खोट्या यशांचा उलगडाही इथेच होतो. नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीने अडथळ्यातूनही पाच आठवडे रेटून नेलं. आणि सेल्फ काढताना शेजारची ही तार बाजूला वाकवावी लागली. थिंबल फिरलं, कड खरवडली गेली, नवा चकाकता धातू टेकला. तो पुन्हा काळवंडायला आठ दिवस लागले.

दुरुस्ती

थिंबलच्या दोन्ही बाजू आणि हाउसिंगवरची बैठक आधी वायर ब्रशने, मग १०० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण चकाकेपर्यंत घासली. बोल्ट नवा, थिंबलखाली स्टार वॉशर, म्हणजे त्याचे दात दोन्हीकडे रुततात. ॲल्युमिनियमच्या आट्यात ८ मिलिमीटरचा बोल्ट असतो. घट्ट बसायला हवा, पण लांब पाइप लावून आवळला तर आटेच निघून येतात. जोड आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा जाड थर. आधी जेली लावून मग आवळायची पद्धतही आहे. जोर पुरेसा असेल तर चालतं, पण आवळून वरून लावणं जास्त बिनधोक.

तार बदलायची का, हा प्रश्न होता. थिंबलमागचं रबर चार सेंटिमीटर सोलून पाहिलं. आतलं तांबं लालसर होतं, काळं पडलेलं नव्हतं, आणि मापही ०.२ च होतं. तार ठेवली. काळी निघाली असती तर नुसतं टोक कापून नवं थिंबल दाबण्यात अर्थ नसतो. काळेपणा आत बराच पुढे गेलेला असतो.

मूळ जोड दुरुस्त करून, मोजून झाल्यावर मग जादा अर्थिंग टाकली: २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ४० सेंटिमीटर, इंजिनच्या हुकाच्या बोल्टपासून बॉडीपर्यंत. समुद्राकाठच्या गाडीला दुसरी वाट असलेली बरी, एवढाच तिचा उद्देश.

निकाल

सेल्फ फिरत असताना बॅटरीवर १०.९ व्होल्ट, धन बाजूला ०.३५, अर्थिंगवर ०.१४. क्लच केबल थंड. कामाचं बिल ९०० रुपये, सुट्या भागांसह.

चार्जिंगही तपासलं. दुरुस्तीआधी ढकलून सुरू केलेल्या गाडीवर, हेडलाइट लावून, अल्टरनेटरच्या (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) आउटपुट बोल्टपासून त्याच्याच अंगापर्यंत १४.२ आणि बॅटरीवर फक्त १३.२ अशी नोंद घेतली होती. अल्टरनेटर इंजिनवर बसलेला असतो, त्याचाही परतीचा रस्ता तोच कुजलेला जोड. एक व्होल्ट वाटेत जात होता आणि बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहत होती. दुरुस्तीनंतर बॅटरीवर १४.१.

निर्णय कुठे वेगळे घेता आले असते

सर्वांत स्वस्तात सुटायची संधी होती ती दुसऱ्या वेळच्या जंप केबलची. दोन्ही चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलांवर लावले गेले, त्यामुळे शेजाऱ्यांच्या गाडीची वीजही त्याच कुजलेल्या जोडावर येऊन अडली. काळा शेवटचा चिमटा बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनवर, उघड्या धातूला लावायचा असतो. बॅटरीजवळच्या वायूशेजारी ठिणगी नको म्हणून ही पद्धत आहे. पण तसं केलं असतं तर ही गाडी तिथेच सुरू झाली असती आणि दोषाचं ठिकाणही कळलं असतं. टर्मिनलला चिमटा लावून ‘टक्’ आणि इंजिनला लावून सुरू, एवढ्यावर निदान पूर्ण.

सेल्फवर ठोकून फरक पडला नाही, हाही संकेत होता. झिजलेले कार्बन ठोकल्यावर पुष्कळदा एकदा तरी साथ देतात. ढकलून गाडी चटकन सुरू झाली, तेव्हा इंजिन अडकल्याची शंकाही तिथेच मिटली होती. या दोन गोष्टी लक्षात घेऊन, सेल्फ उतरवण्याआधी एकदा इंजिन आणि ऋण खुंटी यांत मीटर धरला असता तर २,४०० वाचले असते. तरी गॅरेजवाल्याला फार बोल लावता येत नाही. टेबलावर सेल्फ फिरवून बघणं ही रुळलेली पद्धत आहे. फक्त टेबलावर चांगला फिरलेला सेल्फ गाडीवर फिरत नसेल, तर दोष टेबल आणि गाडी यांत जे वेगळं आहे त्यात असतो.

क्लच जड होणं आणि सेल्फ न लागणं एकाच पावसात सुरू झालं होतं. एकाच गाडीच्या दोन तक्रारी एकाच सुमारास उगवल्या की एकदा तरी ‘गेल्या वर्षभरात कुठे काय उघडलं होतं?’ असं विचारावं. ऑक्टोबरातलं क्लचचं काम त्या एका प्रश्नावर पुढे आलं असतं.

पहिल्या बॅटरीचा निर्णयही आता वेगळा दिसतो. ११.९ व्होल्ट म्हणजे उतरलेली बॅटरी. ती निकामी आहे की फक्त उपाशी, हे तेवढ्यावर सांगता येत नाही. रात्रभर चार्ज करून, भार टाकून तपासायला हवी होती: सामान्य हवेत पंधरा सेकंद भार घालून ९.६ व्होल्टच्या वर टिकली तर ठीक. रोज एक व्होल्ट कमी चार्जिंग मिळत असताना चांगली बॅटरीही ११.९ दाखवू शकते. ती खरोखर संपली होती का, हे आता कळायला मार्ग नाही. ६०० रुपयांच्या बदल्यात ती दुकानातच राहिली.